बिल न पाठवता चालणारी महापालिका

फेब्रुवारीत आमच्या पुण्यात एक नाटक होतं. संहिता जुनीच, पात्रं तेवढी बदलतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे पुढच्या वर्षीच्या करांचे दर सभागृहाने २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचे असतात. म्हणून आयुक्त त्याआधी स्थायी समितीपुढे मिळकतकर वाढवायचा प्रस्ताव ठेवतात. कधी ११ टक्के, कधी १२, कधी १५. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘करवाढीची कुऱ्हाड’ येते, तिसऱ्या दिवशी चौकाचौकांत निषेधाचे फलक लागतात आणि आठवडाभरात प्रस्ताव दप्तरी दाखल होतो. सत्ताधारी म्हणतात, आम्ही पुणेकरांना वाचवलं. विरोधक म्हणतात, आमच्यामुळे वाचलात. आयुक्तही फारसे खट्टू होत नाहीत, कारण प्रस्ताव मांडल्याची नोंद झालेली असते.

दुसरा अंक काही आठवड्यांनी. आयुक्तांचं अंदाजपत्रक स्थायी समितीकडे येतं आणि समिती त्यात काही शे कोटींची भर घालते. उड्डाणपूल येतात, नाट्यगृह येतं, प्रभागाप्रभागातली ‘स’ यादीतली, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेली, कामं येतात: बाक, कमानी, पदपथावरचे ब्लॉक (गेल्या वर्षी बसवलेलेच काढून). पण जमेच्या बाजूला हे पैसे कुठून येणार? तिथे ठरलेली वाक्यं असतात. थकबाकीची जोरदार वसुली, महापालिकेच्या मोकळ्या जागा भाड्याने, जाहिरात फलकांचं नवं धोरण. डिसेंबर उजाडला की जमेला खड्डा दिसू लागतो आणि मग वर्गीकरणाचे प्रस्ताव सुरू होतात, म्हणजे एका कामाचे पैसे उचलून दुसऱ्या कामाला. ज्या सभागृहाने करवाढ नाकारली, त्याच सभागृहाने त्याच महिन्या-दीड महिन्यात खर्च वाढवला, यात कुणाला काही खटकत नाही.

कायद्याचा हेतू सरळ होता. आधी जमा ठरवा, मग त्या बेताने खर्च. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणून तर २० फेब्रुवारी आधी आणि अंदाजपत्रकाची अंतिम मंजुरी ३१ मार्चपर्यंत. आपण मात्र दोन तारखांमधल्या त्या फटीचा उपयोग अंथरूण नाकारण्यासाठी आणि पाय लांबवण्यासाठी एकदमच केला.

याला नगरसेवकांचा भित्रेपणा म्हणून मोकळं होता येईल, पण ते पूर्ण खरं नाही. मार्च २०२२ मध्ये पुणे आणि मुंबई, दोन्ही महापालिकांची मुदत संपली. जानेवारी २०२६ मध्ये २९ महापालिकांसाठी मतदान झालं, तोवर जवळपास चार वर्षं प्रशासक होते. त्यांना मतं मागायची नव्हती, प्रभाग सांभाळायचा नव्हता. तरी पुण्यात या काळात मिळकतकराचे दर वाढले नाहीत. म्हणजे भीती सभागृहाच्या खुर्च्यांपुरती नाही. ती मंत्रालयापर्यंत पोचलेली आहे, किंवा तिथूनच खाली आली आहे.

माझं म्हणणं असं आहे की नवं धोरण किंवा नवा उत्पन्नाचा मार्ग समोर आला की आपल्या महापालिका तो एकाच काट्यावर तोलतात. यातून किती पैसे येतील, हा तो काटा नाही. हा बोजा न्याय्य आहे का, हाही नाही. काटा असा की पैसे देणाऱ्याच्या हातात महापालिकेच्या नावाचं बिल पडणार आहे का? पडणार असेल तर प्रस्ताव अवघड. पडणार नसेल तर एकमताने मंजूर.

जकात आठवून पाहा. शहराच्या वेशीवर नाका, त्यापुढे ट्रकच्या मैलभर रांगा, कागदावरचा माल आणि ताडपत्रीखालचा माल यांचा मेळ घालणारा कारकून, आणि तो मेळ सैल करायचे ठरलेले भाव. अर्थशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात हा कर चांगला ठरणार नाही. पण महापालिकेच्या दृष्टीने तो सोन्याची कोंबडी होता. रोज रोख पैसा यायचा, आणि तो देणाऱ्याला आपण देतोय हे कळायचंच नाही. साबणाच्या वडीत, सिमेंटच्या गोणीत जकात असायची; पावती मात्र ट्रकवाल्याकडे. पुणेकराने आणि मुंबईकराने पिढ्यान्‌पिढ्या महापालिकेला भरपूर पैसे दिले, पण आपण ते दिले अशी त्याची भावना कधीच झाली नाही. आपल्याला कर भरायची सवय लागली नाही ती इथे.

मग १ एप्रिल २०१३ पासून पुण्यासारख्या शहरांत जकातीऐवजी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. नाके गेले, हिशोब व्यापाऱ्याच्या वहीत आला, व्यापाऱ्यांनी बंद पुकारले. दोन वर्षांत, १ ऑगस्ट २०१५ ला, ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला एलबीटी माफ झाला. मुंबईची जकात १ जुलै २०१७ पर्यंत टिकली, जीएसटीने तीही संपवली. त्या बदल्यात राज्याने कायदा करून महापालिकांना भरपाई द्यायची, दरवर्षी ८ टक्के वाढवून, असं ठरलं. मुंबईला पहिला धनादेश मिळाला तो महिन्याचा ६४७ कोटींचा. मुंबईच्या २०२५-२६ च्या ७४,४२७ कोटींच्या अंदाजपत्रकात ही भरपाई सुमारे १४,४०० कोटी आहे, जवळजवळ पाचवा हिस्सा. मिळकतकर त्याच्या निम्म्याहून कमी, ५,२०० कोटी. आणि या दोहोंच्या मधे विकास शुल्क, प्रीमियम वगैरे, म्हणजे जादा एफएसआयसाठी (भूखंडावर जास्त बांधकाम करू देण्यासाठी) बिल्डर जे मोजतो ते, साधारण ९,७०० कोटी.

हे तीन आकडे एकाखाली एक लिहून पाहिले की शहर कुणाचं मिंधं आहे ते दिसतं. आधी राज्य सरकार, मग बिल्डर, आणि शेवटी घरात राहणारा माणूस. ज्याच्याकडून पैसे येतात त्याचं ऐकलं जातं, हे कुठल्याही दुकानात कळतं. महापालिकेने आपलं ऐकावं असं वाटतं, आणि बिल मात्र वाढू नये असंही वाटतं. या दोन इच्छा एकमेकींच्या मुळावर येतात. एफएसआयच्या प्रीमियमला कुठल्याच सभागृहात ‘कुऱ्हाड’ म्हणत नाहीत, ती फ्लॅटच्या किमतीत मुरते म्हणून. आणि तो पैसा हवा असेल तर इमारती उंच होत राहाव्या लागतात, खालची सांडपाण्याची नळी तेवढीच राहिली तरी.

घरपट्टीच्या बाबतीत मंत्रालय काय करतं हे मुंबईत बघायला मिळालं. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मिळकतकर माफ, ही घोषणा २०२२ च्या १ जानेवारीला झाली, महापालिकेची मुदत मार्चमध्ये संपणार असताना. सोळा लाखांच्या आसपास घरं त्यात बसली. छोट्या घरांतल्या लोकांना दिलासा मिळू नये असं म्हणायची कुणाची छाती होणार? माझीही नाही. पण दिलासा मोजायची पट्टी चौरस फुटांची का? मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर कर बसतो. घर किती मोठं याच्या जोडीला ते कुठे आहे आणि त्याची किंमत काय, हेही त्यात येतं. माफीने ते सगळं बाजूला ठेवलं. मलबार हिलवरचा ४९० चौरस फुटांचा फ्लॅट माफ, आणि दहिसरला ५१० चौरस फुटांत सहा माणसं राहत असतील तर त्यांनी कर भरायचा. शिवाय घोषणा राज्याने केली आणि तूट आली महापालिकेच्या वहीत. दुसऱ्याच्या खिशातून दानधर्म करणं सगळ्यात सोपं.

पुण्याची चाळीस टक्क्यांची गोष्ट त्याहून लांबलचक आहे. स्वतः राहत असलेल्या घराच्या करात ४० टक्के सवलत हा १९७० चा निर्णय. जवळपास अर्धं शतक ती चालली. मग लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, राज्य सरकारने सवलतीला मान्यता नाकारली आणि २०१९ पासून नव्या घरांना ती मिळेनाशी झाली. एकाच सोसायटीत जुना शेजारी कमी भरतो आणि नवा जास्त, अशी परिस्थिती. मार्च २०२३ च्या पहिल्या आठवड्यात पुण्यातल्या कसब्याच्या विधानसभा पोटनिवडणुकीचा निकाल लागला, राज्यातले सत्ताधारी हरले, आणि पुढच्या काही आठवड्यांत सवलत परत आणायचा निर्णय झाला. योगायोग असेलही. मग ‘पीटी-३’ नावाचा अर्ज निघाला, लोकांनी तो वीजबिलाच्या आणि ओळखपत्राच्या प्रती जोडून भरला. पन्नास वर्षांपूर्वी पुण्याच्या सभागृहाने घेतलेला निर्णय रद्द करणं आणि परत आणणं, दोन्ही मुंबईत झालं. पुण्याच्या सभागृहाने मधल्या काळात ठराव केले, पत्रं पाठवली, शिष्टमंडळं नेली. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ ला लागू झाली, तेव्हा शहरं स्वतःचा कारभार स्वतः पाहतील असं आपण वाचलं होतं.

उलट टोकाचं उदाहरण नाशिकचं. २०१८ मध्ये तिथे आयुक्त तुकाराम मुंढे यांनी मिळकतकर ज्यावर बसतो त्या करयोग्य मूल्याचे दर एकदम वाढवले, मोकळ्या जमिनीही त्यात घेतल्या. शहर पेटून उठलं, शेतकरीही रस्त्यावर आले, सभागृहाने विरोध केला, आयुक्तांविरुद्ध अविश्वासाचा ठराव येणार होता. दर पुढे कमी करावे लागले, अविश्वास टळला आणि नोव्हेंबरात आयुक्तांची बदली झाली. मुंढ्यांचे चाहते म्हणतात प्रामाणिक अधिकाऱ्याचा बळी गेला, विरोधक म्हणतात हुकूमशाही गेली. मला दोन्ही अपुरं वाटतं. नाशिकचे दर अनेक वर्षांत वाढले नव्हते हे खरं, आणि वाढवायला हवे होते हेही खरं. पण कर बसवणं ही हिशोबाची बाब असली तरी तो पटवणं हे सभागृहाचं काम आहे. पटवायला वर्ष लागलं तर वर्ष लागू द्यावं. ज्या सभागृहाला कराची बाजू लोकांपुढे मांडायची सवयच नाही, त्याच्या डोक्यावरून आदेश काढला की आदेशही जातो आणि पुढच्या दहा वर्षांची हिंमतही जाते.

आता नव्या धोरणांकडे येतो. मार्च २०१८ मध्ये पुण्याच्या मुख्य सभेने रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे आकारायचं धोरण मंजूर केलं, पण विरोध इतका झाला की ते प्रयोग म्हणून पाच रस्त्यांपुरतं राहिलं. ते पाच रस्तेही पुढे नुसते फायलीत फिरत राहिले. माझ्या गल्लीत एक चारचाकी तीन वर्षं आच्छादन घालून उभी आहे. तिच्याखाली मांजरीची दोन वेळा पिल्लं झाली. त्याच गल्लीच्या तोंडाशी एक बाई पेरू आणि चिंचा घेऊन बसतात. त्यांची पथारी गाडीच्या एका दारापेक्षा मोठी नसेल. पथारीवाल्याला परवाना लागतो, त्याचं भाडं भरावं लागतं, थकलं की नोटीस येते, आणि अतिक्रमणाची गाडी आली की पाटी उचलून पळावं लागतं. गाडीला यातलं काहीच नाही. रस्ता दोघांनी अडवला. ज्याने जास्त अडवला त्याला फुकट, जिचं पोट त्यावर आहे तिला पैसे. पार्किंगचं धोरण ‘सामान्य माणसावर बोजा’ म्हणून अडवलं गेलं, तेव्हा सामान्य माणूस म्हणजे गाडीवाला असं सभागृहाने गृहीत धरलं होतं.

पण दरवेळी लोकांचंच चुकतं असंही नाही. कचऱ्यासाठीच्या उपयोगकर्ता शुल्काचं घ्या. पिंपरी-चिंचवडमध्ये २०२३ मध्ये ते मिळकतकराच्या बिलात आलं आणि राज्य सरकारने त्याला स्थगिती दिली. मुंबईत एप्रिल २०२५ मध्ये मसुदा निघाला, घराच्या आकाराप्रमाणे महिन्याला १००, ५०० किंवा १,००० रुपये. हरकती मागवल्या, आणि निवडणुकीपर्यंत ते शुल्क काही लागू झालं नाही. लोकांचा आक्षेप काय होता? बिलात सफाईपट्टी आधीच आहे, मग हे कसलं? आक्षेप बिनतोड आहे. आमच्या पुण्याच्या बिलात सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, अग्निशमन कर, वृक्ष कर, जललाभ कर, जलनिस्सारण लाभ कर, पथकर, शिक्षण उपकर अशा ओळी असतात, शिवाय राज्याचा शिक्षण कर, जो महापालिका फक्त गोळा करून पुढे पाठवते. यातल्या एका ओळीत कचऱ्याचे पैसे घेऊन झाल्यावर दुसऱ्या नावाने तेच मागितले तर माणूस चिडणारच. जुनी ओळ खोडून नवी लिहा, मग बोलू.

आणि लोक कचऱ्याचे पैसे देतच नाहीत, हेही खोटं. पुण्यात कचरावेचक बायकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आहे. तिच्या सभासद घरोघर कचरा घेतात आणि महिन्याचे पैसे दारातच मागतात. कुरकुर होते, सुट्टे नाहीत म्हणून उद्यावर टाकलं जातं, दिवाळीला वर काही द्यावं लागतं. पण पैसे दिले जातात. कारण कचरा कोण नेतं ते दिसतं, आणि एक दिवस नाही नेला तर काय होतं तेही दिसतं. तेच पैसे बिलात अकराव्या ओळीत छापले की लूट वाटते.

कर नियमित भरणाऱ्याला चिडवायची दुसरी युक्ती म्हणजे अभय योजना. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लावायची, ती फुगू द्यायची, मग ७५-८० टक्के शास्ती माफ करून वसुलीचा विक्रम झाला म्हणून पत्रक काढायचं. ज्याने मे महिन्यातच पैसे भरले त्याला वेड्यात काढणारी ही योजना आहे. तरी ती सभागृहाला आवडते, कारण यात कुणालाच नवं बिल जात नाही. उलट बिल कमी होतं.

पुण्याच्याच नगरपालिकेत दीडशे वर्षांपूर्वी खर्च तोलायचा एक वेगळा काटा वापरला गेला होता. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होते. त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला. बत्तीस सभासदांत विरोध केला तो एकट्या जोतीराव फुल्यांनी: हे पैसे गोरगरिबांच्या मुलांच्या शिक्षणावर घाला. मोठ्या मंडईच्या इमारतीवर एवढा खर्च करायलाही त्यांचा विरोध होता. इमारत झालीच, रे मार्केट म्हणून १८८६ मध्ये उघडली, आणि पुढे तिला नाव दिलं गेलं महात्मा फुले मंडई. आता खरं सांगायचं तर मंडईच्या बाबतीत सभागृहाचा निर्णयही अगदीच चुकीचा नव्हता. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ ती शहराला भाजी देते आहे. पण फुल्यांचा प्रश्न बरोबर होता: याच पैशात दुसरं काय झालं असतं? खर्चाच्या प्रत्येक प्रस्तावाखाली हे एक वाक्य लिहायची सक्ती आज केली, तर ‘स’ यादी निम्म्यावर येईल.

जमेच्या बाजूलाही तशीच सक्ती हवी. स्थायी समितीने अंदाजपत्रकात शंभर कोटी वाढवले तर त्याच ठरावात, त्याच पानावर, ते कुणाच्या खिशातून येणार हे लिहायला हवं, आणि ‘थकबाकी वसुलीतून’ हे उत्तर बाद. २० फेब्रुवारीच्या सभेत करवाढ नाकारायची असेल तर जरूर नाकारा, पण त्यामुळे कुठली कामं होणार नाहीत त्याची यादी त्याच सभेत वाचून दाखवा. मंत्रालयाने माफी जाहीर केली तर ती रक्कम मंत्रालयाने महापालिकेला द्यावी, जकातीची भरपाई देतात तशी. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना तरी कायदा बदलावा लागत नाही. सभागृहाने स्वतःसाठी घालून घेतलेला नियम पुरेल.

असं केलं तर लोक जास्त कर आनंदाने भरतील, असल्या भ्रमात मी नाही. ते भांडतील. पण ते भांडण कशावरून होतं हे महत्त्वाचं. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक निवृत्त काका राहतात. ठरलेल्या मुदतीच्या आत बिल भरलं की सर्वसाधारण करात सूट मिळते, म्हणून ते मेमध्ये सगळ्यांची दारं वाजवतात. स्वतःचं बिल ते चष्मा कपाळावर ढकलून ओळीओळीने वाचतात आणि ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारतात. परवा जिन्यात त्यांनी मला थांबवलं. वृक्ष कराच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “मला सांगा, हे पैसे मी इतकी वर्षं भरतोय. यात माझं झाड कुठलं?” मला सांगता आलं नाही. ते म्हणाले, मग मी वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारतो, आणि खरंच गेले.

काकांनी त्यांचा फ्लॅट बिल्डरकडून घेतला तेव्हा त्याच्या किमतीत एफएसआयचे प्रीमियम होते, विकास शुल्क होतं. वृक्ष कर त्यांनी जन्मभर भरला तरी त्या रकमेच्या जवळ जाणार नाही. त्या पैशांचं काय झालं हे विचारायला ते कधी कुठल्या ऑफिसात गेले नाहीत. त्यांना त्याचं बिल कुणी दिलंच नव्हतं.